बाळू रोकडेला कोणत्या रकान्यात घालणार?

जोड्या लावा. ‘अ’ गटात अंतू बर्वा, लीला बेणारे, सुधाकर, गणपतराव बेलवलकर आणि बाळू रोकडे. ‘ब’ गटात मनाच्या संरक्षण यंत्रणा: विनोद, नकार, प्रतिगमन, समर्थन आणि प्रक्षेपण. प्रत्येक बरोबर जोडीला दोन गुण. एका महाविद्यालयात मराठी आणि मानसशास्त्र या दोन विभागांनी मिळून कार्यशाळा घेतली, त्यातलं हे पान एका वाचक प्राध्यापिकेनं या आठवड्यात मला पाठवलं. सोबत उत्तरंही होती. अंतू बर्वा म्हणजे विनोद, बेणारे म्हणजे नकार, सुधाकर म्हणजे प्रतिगमन. रोकडेपुढे समर्थन लिहिलं होतं. पाचांपैकी निदान दोन जोड्या साफ चुकीच्या आहेत, आणि जी बरोबर आहे ती वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मानसशास्त्र साहित्यात आणल्याचा मला राग नाही. ‘गिधाडे’वर आणि ‘संध्याछाया’वर लिहिताना मी तेच केलं होतं, आणि त्यावर आलेली पत्रं अजून जपून ठेवली आहेत. मन स्वतःला वाचवण्यासाठी काय काय करतं, याची इतकी चांगली निरीक्षणं दुसऱ्या कुठल्या शास्त्राकडे नाहीत. माझा राग आहे तो जोडी लावली की वाचन संपलं, या समजुतीवर. पात्राच्या कपाळावर शब्द चिकटवायचा, दोन गुण घ्यायचे आणि पुढच्या पात्राकडे वळायचं. त्या मुलांपैकी किती जणांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं असेल? ही जोडी लावायला ते वाचावं लागत नाही. कथासार पुरतं.

हे दुखणं आजचं नाही. ‘अमुक पात्राची व्यक्तिरेखा थोडक्यात लिहा’ या प्रश्नानं मराठी वाचनाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दूरदर्शननं केलं नाही आणि मोबाइलनंही केलेलं नाही. मी हे अनेकदा लिहिलंय आणि पुन्हा लिहिणार आहे. करारी पण प्रेमळ, गरीब पण स्वाभिमानी, फटकळ पण मनाची निर्मळ. तीन पिढ्या या विशेषणांवर पास झाल्या. आता विशेषणांच्या जागी संज्ञा आल्या आहेत. मार्गदर्शकातलं ‘फटकळ पण निर्मळ’ गेलं आणि त्या जागी ‘संरक्षण यंत्रणा : विनोद’ आलं. पान तेच, शाई नवी.

ज्या बाईंमुळे या संज्ञा एका पुस्तकात नीट मांडल्या गेल्या, त्यांनी स्वतः काय केलं होतं ते पाहा. अ‍ॅना फ्रॉइड यांचं ‘अहं आणि संरक्षण यंत्रणा’ हे पुस्तक 1936 सालचं, वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षातलं. त्यात त्यांनी एक संपूर्ण नाट्यपात्र विचारात घेतलंय. एदमों रोस्तां यांच्या 1897 च्या नाटकातला सिरानो, मोठ्या नाकाचा कवी आणि तलवारबहाद्दर. ज्या मुलीवर आपला जीव आहे तिला जिंकण्यासाठी तो आपले शब्द एका देखण्या, पण बोलता न येणाऱ्या तरुणाला देतो. अ‍ॅना फ्रॉइड त्याला रकान्यात टाकून मोकळ्या होत नाहीत. आपली इच्छा दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यावर त्या माणसाचं काय काय होतं, याचा माग त्या काढतात. युद्धाच्या धामधुमीत सिरानोला स्वतःच्या जिवापेक्षा त्या तरुणाच्या जिवाची काळजी का वाटते, इथपर्यंत त्या जातात. म्हणजे संज्ञा हे त्यांच्या वाचनाचं पहिलं पाऊल होतं. आपण तिलाच शेवटचं करून ठेवलंय.

त्याच पुस्तकात एका लहान मुलीची गोष्ट आहे. भुताच्या भीतीमुळे तिला घरातला अंधारा दिवाणखाना ओलांडता येत नसे. मग तिनं एक युक्ती काढली. चित्रविचित्र हातवारे करत ती पलीकडे पळत जायला लागली, आणि धाकट्या भावाला तिनं समजावलं, की जे भूत भेटेल असं वाटतं तेच आपण व्हायचं, मग घाबरायचं कारण उरत नाही. आक्रमकाशी तादात्म्य, असं या युक्तीचं नाव. पुढे बाळू रोकडेकडे जायचंय, म्हणून ही मुलगी लक्षात असू द्या.

आधी अंतू बर्वा. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला, म्हणजे 1962 पासून आपल्या सगळ्यांच्या घरचा. त्याच्यापुढे ‘विनोद’ लिहिणं चूक नाही. हार्वर्डच्या पदवीधरांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या जॉर्ज व्हेलंट यांनी 1977 च्या पुस्तकात या यंत्रणांची उतरंड लावली. बालिश, विकृतीकडे झुकणाऱ्या खाली, प्रौढ वर. विनोदाला त्यांनी प्रौढांत जागा दिली, उदात्तीकरणाच्या पंगतीत. तेव्हा अंतूशेटना पैकीच्या पैकी गुण. पण अंतू विनोद करतो तो कशावर पांघरूण घालायला, हे पान त्याबद्दल गप्प आहे.

रत्नागिरीत वीज येते तो भाग आठवा. अंतूच्या घरी ती येत नाही. का घेतली नाही याचं जे कारण तो देतो ते आपल्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे, म्हणून इथे फक्त आशय सांगते: उजेड आला तर दिसणार काय, आपलं दारिद्र्यच ना? पोपडे उडालेली भिंत आणि गळकं छप्पर बघायला दिवा कशाला हवा? आपण हसतो. पण बोलणाऱ्यानं या एका उत्तरात किती गोष्टी केल्या आहेत. परवडत नाही, हे तो म्हणाला नाही. तरी लपवलंही नाही. उलट भिंतीचे पोपडेसुद्धा स्वतःच्या तोंडानं मोजून दाखवले. समोरचा कीव करण्याआधी त्याच्या हातातली कीव काढून घेतली आणि वर त्याला हसवून पाठवलं. दमनात माणसाला स्वतःच्या मनातलं दिसत नाही. अंतूला सगळं दिसतं, लख्ख दिसतं, विजेची गरज पडत नाही. त्याचा विनोद हा त्या दिसण्यासकट जगण्याचा मार्ग आहे.

आणि याची किंमत कोण देतं? अंतू स्वतः देतो. त्याची जीभ गांधी-नेहरूंपासून आळीतल्या शेजाऱ्यापर्यंत कुणालाही सोडत नाही, हे खरं. पण त्या जिभेमुळे कुणाची नोकरी गेली, कुणाची अब्रू गेली, असं लेखात कुठेही नाही. त्याच्या हातात कुणाचं काही बिघडवण्याची सत्ताच नाही. बायको गेली, मुलगा मुंबईकर झाला, आणि उरलेल्या माणसाकडे तिरकं बोलण्यापलीकडे काही राहिलं नाही. विलायतेला निघालेल्या लेखकाच्या हातात तो अंगाऱ्याची पुडी ठेवतो तेव्हा ती तिरकी जीभही मुकाट बाजूला होते. ती केव्हा वापरायची आणि केव्हा नाही, हे त्याला कळतं. माझ्या लेखी या माणसाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि ‘ब’ गटात तिच्यासाठी जागा नाही. कार्यशाळेत एका समुपदेशकानं म्हणे अंतूला ‘मदतीची गरज असलेला ज्येष्ठ नागरिक’ म्हटलं. मदतीची गरज त्याच्या छपराला होती.

आता बाळू रोकडे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर बोलताना आपण बेणारेवर बोलतो, काशीकरांवर बोलतो, फार तर सुखात्म्यांवर. रंगायनच्या 1967 च्या प्रयोगापासून आजवर बेणारेच्या भूमिकेवर किती लिहिलं गेलं आणि सुलभा देशपांड्यांमुळे ते योग्यच होतं. रोकडेला मात्र सगळे पडद्याच्या कडेला ठेवतात. काशीकर दांपत्यानं सांभाळलेला, शिकवलेला मुलगा. त्या घरात त्याचं स्थान पाळलेल्या मुलाचं कमी आणि गड्याचं जास्त आहे, हे बेणारेच पहिल्या अंकात सामंतला सांगून टाकते. रोकडे येतो तो सामान वाहत. काही विसरलं की बोलणी खातो. काशीकर त्याच्यावर खेकसतात, सौ. काशीकर त्याला बाळू बाळू करून राबवतात, आणि बेणारेही त्याची टर उडवायला कमी करत नाही. त्या खोलीत खालच्या पायरीवर तो आहे. त्याच्याही खाली असेल तर फक्त खेड्यातला सामंत, पण सामंत पाहुणा आहे.

मग खेळ सुरू होतो. वेळ घालवायला खोटा खटला. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप. साक्षीदार म्हणून रोकडेला उभं केलं जातं, तेव्हा तो आधी चाचरतो. त्याला बोलायची सवय नाही, बोलणी खाण्याची आहे. संध्याकाळी प्राध्यापक दामल्यांच्या घरी गेलो तर तिथे बेणारे बसली होती, एवढं तो सांगतो आणि खोलीतली हवा बदलते. पहिल्यांदाच सगळ्यांचे कान त्याच्याकडे आहेत. सुखात्मे त्याला सन्मानानं विचारताहेत. काशीकर, तेच काशीकर, कान कोरता कोरता थांबून ऐकताहेत. पुढे सौ. काशीकरांच्या बोलण्यातून आणखी एक प्रसंग वर येतो, कार्यक्रमाहून परतताना बेणारेनं रोकडेचा हात धरल्याचा. मग रोकडे तो स्वतः सांगायला लागतो, आणि सांगता सांगता त्याचा आवाज वाढत जातो. लाजणारा, घाबरणारा बाळू मागे पडतो आणि नीतिमान, खंबीर, बाईला धुडकावणारा पुरुष पुढे येतो. हा पुरुष त्याचा नाही. तो काशीकरांचा आहे, सुखात्म्यांचा आहे. रोकडेनं तो अंगावर घातलाय.

इथे ती अंधाऱ्या दिवाणखान्यातली मुलगी आठवा. ज्याची भीती वाटते तेच आपण व्हायचं. तिनं तसे हातवारे केले आणि ती पलीकडे पोचली. कुणाला काही झालं नाही. रोकडेनं तेच केलं, पण दिवाणखान्यात एक बाई उभी होती.

म्हणून रोकडेपुढे ‘समर्थन’ लिहिणं मला इतकं खटकलं. समर्थन करायला माणसानं आधी काही केलेलं असावं लागतं आणि त्याची टोचणी लागलेली असावी लागते. रोकडेला टोचणी लागत नाही. त्याला त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटतंय. तेंडुलकरांनी हे किती कमी ओळींत केलंय! एकही स्वगत न देता, एकही भावनिक उमाळा न देता, फक्त त्याच्या चाचरण्यातून आणि मग न चाचरण्यातून.

अंतू आणि रोकडे यांना मी मुद्दाम शेजारी बसवते आहे. दोघांचीही परिस्थिती हलाखीची, दोघंही दुसऱ्यांच्या नजरेत लहान. आपण लहान आहोत ही जाणीव दोघांनाही सोसवत नाही. अंतू ती जाणीव स्वतःच्या घराच्या भिंतीवर वापरतो. रोकडे ती खोलीतल्या एकट्या पडलेल्या माणसावर वापरतो. यंत्रणेचं नाव कळून हा फरक कळत नाही. तो कळायला ती कुणाच्या अंगावर चालली, तिथे कोण कोण बसलं होतं, आणि तिला टाळ्या कुणी दिल्या, ते पाहावं लागतं. अंतूला श्रोता मिळाला तो हसून घरी जाणारा. रोकडेला मिळाला तो आणखी सांग, आणखी सांग म्हणणारा. काशीकरांनी त्याला एकदा जरी ‘पुरे’ म्हटलं असतं, तरी तो पुन्हा सामान उचलायला गेला असता.

मंडळींनी आपापली अपयशं बेणारेवर लादली, हे आपण कितीदा वाचलंय, ते खरंही आहे. अशील न मिळणारा वकील सुखात्मे, इंटर नापास शास्त्रज्ञ पोंक्षे, मूल नसलेले काशीकर. प्रक्षेपणाचं याहून चांगलं उदाहरण मराठीत नाही. पण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या निकालात आहे. ज्या गुन्ह्याबद्दल बेणारेवर खटला चालवला, तोच गुन्हा करण्याची शिक्षा काशीकर तिला देतात: पोटातलं मूल नष्ट झालं पाहिजे. त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. सुखात्म्यांना दिसत नाही. रोकडेला तर दिसणारच नाही. निकालानंतर सगळे पुन्हा सभ्य माणसं होतात आणि तिला समजावतात की हा खेळ होता. ‘खेळ होता’ ही त्या सगळ्यांची मिळून एक यंत्रणा आहे. एकेकट्याच्या मनाच्या यादीत ती सापडायची नाही, कारण ती खोलीची आहे, गटाची आहे. आणि त्या खोट्या कोर्टात बचावाच्या वकिलाचं काम ज्याच्याकडे असायचं, तो दामले त्या संध्याकाळी येतच नाही. पोटातल्या मुलाचा बाप तोच.

राहिली बेणारे आणि तिच्यापुढचा ‘नकार’. हे उत्तर देणाऱ्यानं नाटक वाचलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणते. नकार म्हणजे वास्तव दिसत असून मनानं ते नाकारणं. बेणारेच्या पर्समध्ये टिक-20ची बाटली आहे. पोंक्षेच्या साक्षीतून ते कळतं. ढेकणांचं औषध पर्समध्ये घेऊन हिंडणाऱ्या बाईला आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय ते पुरेपूर ठाऊक असतं. ती काही नाकारत नाही, ती लपवते. लपवण्यात शुद्ध असते, धोरण असतं, दुसऱ्यांना ओळखून असणं असतं. पहिल्या अंकातलं तिचं गाणं, तिच्या नकला, कधी शाळेत उशीर केला नाही याचा अभिमान, सामंतपुढे एकेका सहकाऱ्याची उडवलेली खिल्ली, हे सगळं अंतूच्याच कुळातलं आहे. फरक असा, की अंतूला आपल्या बोलण्यावर हसून निघून जाणारे श्रोते मिळाले, आणि बेणारे ज्यांच्यावर हसली तेच तिचे न्यायाधीश झाले. तिच्या विनोदानं दुखावलेला प्रत्येक जण त्या खोलीत हजर होता, रोकडेसुद्धा. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण तिला देवी करून ठेवतो आणि तेंडुलकरांनी तिला देवी केलेलं नाही. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. त्या दहा सेकंदांत ती जे बोलते ते पानंच्या पानं चालतं, आणि इतर सगळे गोठून उभे असतात. कुणी ऐकत नाही. तेवढ्या वेळात ती एकदाही स्वतःला वाचवायचा प्रयत्न करत नाही. त्या भाषणाला ‘नकार’ म्हणणारं उत्तर विद्यार्थ्यांना शिकवलं गेलं, ते त्यांना परत जाऊन पुसून द्यावं, अशी माझी त्या दोन्ही विभागांना विनंती आहे.

सुधाकराबद्दल दोन ओळी. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं 1919 मध्ये, त्याच वर्षी गडकरी गेल्यानंतर. अ‍ॅना फ्रॉइड यांच्या पुस्तकाच्या सतरा वर्षं आधी. ज्याला समर्थन म्हणतात त्याचा मेरुमणी त्या नाटकात आहेच, फक्त तो सुधाकर नव्हे, तळीराम. पिण्यासाठी मंडळ काढणारा, पिण्याला शास्त्र आणि समाजकार्य बनवणारा. उत्तरपत्रिकेत तळीराम नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. आणि सिंधूनं मरताना पोलिसाला खोटं सांगितलं, नवऱ्याच्या हातून मूल गेलं असताना त्याला वाचवायला, त्याला कोणतं नाव देणार हा प्रश्न तर कार्यशाळेत निघालाच नाही. ती अ‍ॅना फ्रॉइड यांच्या सिरानोजवळ जाते की काय, असं मला कधी कधी वाटतं. पण सिरानोनं आपली इच्छा दिली होती. सिंधूच्या इच्छेला जागा होती कुठे? तिच्यावर स्वतंत्र लिहीन.

आता थोडं नाटकवाल्यांशी. या हंगामात ‘शांतता!’ बसवणाऱ्या हौशी संस्था असतील, दरवर्षी असतात. मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत रोकडे एखाद्या विनोदी नटाकडे दिलेला होता. बॅगा पाडायच्या, अडखळायचं, प्रेक्षकांना पहिल्या अंकात चार हशे मिळवून द्यायचे. मग साक्षीच्या वेळीही प्रेक्षक हसतात, कारण त्यांना त्याच्यावर हसायची सवय लागलेली असते, आणि नेमकं तेव्हा घडणारं हातातून निसटतं. रोकडेसाठी असा नट निवडा, ज्याला गप्प उभं राहता येतं. त्याला पहिल्या अंकात एकही हशा मिळू देऊ नका. तालमीत त्याला काशीकरांच्या नटाच्या जवळ बसवा, उभं राहण्याची, हात मागे घेण्याची, आवाज खाली आणण्याची ढब त्याला बघू द्या, आणि साक्षीत ती ढब त्याच्या अंगात उतरू द्या. प्रेक्षकांनी रोकडेकडे बघता बघता काशीकर दिसला पाहिजे. असा प्रयोग कुणी केला तर मला कळवा, तिकीट काढून येईन.